अर्ध्यातली अर्धी

यातला शब्द न् शब्द खरा आहे. हवी तर शपथ घालून बघा. माझ्या डोळ्यांची घेते. नुकतेच मोतीबिंदू काढलेत, नवेकोरे डोळे आहेत, ते असे पणाला लावणं साधी गोष्ट नाही. गुडघ्यांची घेणार नाही, कारण गुडघे गेल्यातच जमा आहेत, आणि गेलेल्या वस्तूची शपथ घेणं ही फसवणूक होते असं माझी लेक म्हणते. लेक विम्याच्या कचेरीत दावे तपासते. म्हणजे लोक खोटं कुठे बोलतात ते हुडकण्याचा तिला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम ती फुकट करते. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने दुरुस्त केलेली एक लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबलीच नाही, गच्ची ओलांडून हातभर वर गेली, आतल्या बाईने दार उघडलं तर समोर आभाळ आणि कबुतरं, हे मी आजवर शंभरदा सांगितलंय. त्यातली कबुतरं तरी खरी आहेत. पण आता जे सांगते आहे त्यात कबुतराचं पीससुद्धा वरून चिकटवलेलं नाही.

झालं एवढंच की दुपारी मुकादमीण खिडकीत गेली नाही. मुकादमीण म्हणजे आमची मांजर. रोज जेवणं आटोपली की ती खिडकीखाली येते, मान वर करते, मागचं अंग जरा हलवते आणि वर जाते. वर बसून खालच्या रस्त्यावर नजर ठेवते. त्या दिवशी ती आली, मान वर केली, मागचं अंग हलवलं, आणि तशीच राहिली. मग तिने शेपटी खाली घेतली आणि आपल्याला कुठे जायचंच नव्हतं अशा चेहऱ्याने जेवणाच्या टेबलाखाली निघून गेली. ओळखीचं समजून कुणाला तरी हात करावा, तो निघावा परका, आणि मग तोच हात केसांवरून फिरवून घ्यावा, तसं. मी भांडं पुसत होते. भांडं पुसून झालं होतं तरी पुसत राहिले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, नीट बसलीही नव्हती, चारी पाय पोटाखाली दुमडून अंग उचलून धरलं होतं, फरशी तापली आहे की काय अशी. डोळे अर्धे मिटलेले. कान जरा बाजूला कललेले. मी वाकले, वाकले म्हणजे टेबलाचा कोपरा धरून टप्प्याटप्प्याने खाली आले, आणि तिच्या कमरेला हात लावला. कातडी थरथरली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर फिस्कारली. मोठ्याने नाही. हळूच, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तशी.

हात मागे घेतला तेव्हा दिसलं की पाठीवर कोंडा आहे, केसांच्या गुठळ्या झाल्यात. म्हणजे पाठ चाटायला मान तिथवर वळतच नव्हती. कधीपासून? रोज बघत होते की मी. बघण्याचंच काम केलं जन्मभर. गोळ्यांच्या कारखान्यात पट्ट्यापाशी बसायचे. पट्ट्यावरून पांढऱ्या गोळ्यांचा ओघ यायचा, त्यातली तुटकी, टवका उडालेली, डाग पडलेली तेवढी चिमटीने उचलून बाजूला टाकायची. डोळे मिटले तरी पांढरं वाहतच राहायचं. सुट्टीच्या दिवशी बागेत बसलं तरी समोरून जाणाऱ्या माणसांत टवका उडालेलं कोण ते आधी दिसायचं. आमच्यावर एक मुकादमीण होती, उंच स्टुलावर बसायची, पाठ अशी ताठ की स्टुलाचाच तो चौथा पाय वाटावा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "हात तोंडात नको." बायांची सवय, बोटाला पीठ लागलं की बोट तोंडात. "हात तोंडात नको." ती दमते, तिचं काही दुखतं, असं कधी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मग एकदा स्टूल रिकामं दिसलं, आणि स्टूल रिकामं म्हणताच आमच्या सगळ्यांचे हात तोंडाकडे गेले. मांजर पहिल्याच दिवशी खिडकीत चढून अशीच ताठ बसली तेव्हा मी म्हटलं, आली बाई, बदली होऊन आली.

तुटक्या गोळ्या आम्ही घरी आणायचो. रुमालाच्या गाठीत. मुकादमीण बघायची आणि तिला दिसायचं नाही. त्यामुळे आमच्या घरात दुखण्यावर अख्खी गोळी अशी कुणी पाहिलेलीच नव्हती, जे काही होतं ते तुकड्यांत. आणि तुकड्यांची एक रीत पडून गेली होती. पुरुषाला जवळजवळ अख्खी, बाईला अर्धी, पोराला पाव, आणि अगदी तान्हं असेल तर पावाचाही पाव. बाईला अर्धी का, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. नवरा कामावरून यायचा, चप्पल काढायचा आणि एक अक्षर न बोलता तळहात पुढे करायचा. त्या तळहातावर तेलाच्या रेषा इतक्या खोल होत्या की गोळी ठेवली की ती रेषेतच बसायची, घरंगळायची नाही. काय दुखतंय, कुठे दुखतंय, हे त्या हाताने कधी सांगितलं नाही. मी अंगठ्याच्या नखाने मोडून तुकडा ठेवायचे. माझ्या नखासारखी गोळी कुणाला मोडता यायची नाही, हे मात्र माझ्या वैऱ्यानेही कबूल करावं. अर्धी, अर्ध्यातली अर्धी, त्यातली अर्धी. भुगा नाही, वाकडी कड नाही. आजही मोडते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी गोळी दिली आहे ती मी अर्धीच घेते. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी.

तेव्हा हाताने काय केलं ते मी नुसतं बघत होते. हात उठला, कपाटाशी गेला, गोळी काढली, बुटक्या स्टुलावर बशी ठेवली. मन म्हणत होतं, माणूस एवढा, मांजर एवढं, तान्ह्या पोराच्याही कितीतरी कमी. नखाने अर्धी केली. अर्ध्यातली अर्धी. त्यातली अर्धी. शेवटी नखाच्या टोकाला एक कण उरला, बाजरीच्या दाण्याएवढा, बाकीचे तुकडे बशीत उतरत्या भाजणीने. सुबक दिसत होतं. मासळीच्या तुकड्यात कण खुपसून द्यायचा एवढंच बाकी होतं, आणि मासळी बर्फाच्या कप्प्यात दगड होऊन बसलेली. लेकीने ती एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, असं गुंडाळून ठेवलं होतं. मी ती ओट्यावर काढून ठेवली आणि सुटायची वाट बघत उभी राहिले. मांजराचा जीव माझ्या हातून जायचा राहिला तो त्या बर्फामुळे. यात मी शहाणपणाचं काही केलं असं कुणी समजू नये.

वाट बघता बघता लेकीला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे."

"मुकादमीण आजारी आहे. दुखतंय तिला."

"काय दुखतंय?"

"कंबर. खिडकीत गेली नाही."

"गेल्या वेळी तिला फेफरं आलं म्हणून मी धावत आले होते. शिंक होती ती."

"शिंक होती, पण केवढी होती!"

"आई. आता सांग, यातलं खरं किती?"

"सगळं."

ती गप्प राहिली. ही गप्प राहण्याची पद्धत तिची कचेरीतली आहे. समोरचा माणूस घाबरून स्वतःच पुढे बोलतो आणि सापडतो. पण माझ्याकडे पुढे बोलायला काही नव्हतं. कंबर, खिडकी, संपलं. एवढी तोकडी गोष्ट मी आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती, आणि ती माझी मलाच पटेना.

"डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय," ती म्हणाली. "त्यांना फोन कर. त्या काय म्हणतात ते मला कळव. त्या काय म्हणतात ते. तुला काय वाटतं ते नव्हे."

जनावरांच्या दवाखान्यात फोन घेणारा माणूस नेहमीचाच, सतत काहीतरी चघळत असल्यासारखा बोलणारा. संध्याकाळी या म्हणाला. त्याआधी जागा नाही. मग त्याने विचारलं, "तातडीचं आहे का आजी? तोंड उघडून श्वास घेतेय?" आणि इथे, सांगते, माझी जीभ वळवळली. हो म्हटलं असतं तर आत्ता या म्हणाला असता. गोष्ट तर माझ्याकडे तयारच होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, पाय बर्फासारखे, डोळे फिरलेले. एका दमात सांगितली असती तर त्या चघळणाऱ्या माणसाच्या घशात घास अडकला असता. मी टेबलाखाली बघितलं. मुकादमीण तोंड मिटून श्वास घेत होती.

"नाही," मी म्हटलं.

"मागचे पाय ओढतेय? गार लागतायत?"

मी फोन खांद्यात धरून पुन्हा टप्प्याटप्प्याने खाली गेले, पंजाला नुसतं बोट लावलं. "नाही. ऊन आहेत. चालते, पण मोजून मापून."

"शी, शू?"

"सकाळी झाली. ट्रेच्या बाहेर झाली."

"ओरडतेय का?"

"नाही."

एकेक नाही म्हणताना अंगावरचा एकेक दागिना काढून ठेवल्यासारखं होत होतं. शेवटी नुसती म्हातारी बाई उरली, फोन धरलेली. त्या माणसाचं चघळणं थांबलं. "थांबा, बाईंना देतो," तो म्हणाला. खरं बोलल्याचं आश्चर्य असं की ते ऐकणाऱ्याला ताबडतोब कळतं. मला हे इतक्या उशिरा कळावं याचं मात्र हसू आलं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज सपाट, इस्त्री केलेला. "दुखण्यावर काही दिलंय का तिला?"

"अजून नाही."

"अजून म्हणजे?"

म्हणजे काय ते मी सांगितलं. गोळी कुठली ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं पांढरी, तापाची, अंगदुखीची, घराघरात असते ती. तान्ह्या पोराला देतात त्याच्याही कितीतरी कमी मोडली आहे, नखाने, एकसारखी.

"आजी, नीट ऐका. त्यातला कणही नाही. ते पॅरासिटामॉल आहे. मांजराच्या शरीराला ते पचवून बाहेर टाकताच येत नाही. रक्त बिघडतं, श्वास कोंडतो. आणि ती नाही म्हणून दुसरी कुठली माणसाची गोळीही नाही, सगळ्याच घातक. हा वजनाचा हिशोब नाहीच. मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे."

मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे. हे वाक्य मी तोंडात घोळवलं. आमच्या घराची सगळी रीत या एका वाक्यापुढे उताणी पडली. पाव, पावाचा पाव, आणि त्या उतरंडीच्या शेवटी मांजर. तिथे मांजर कधी नव्हतंच. आणि मग बाई तरी अर्धा पुरुष होती का, हा विचार मागून आला, पण डॉक्टरीणबाई बोलत होत्या म्हणून त्याला मी बाहेर थांबवला. त्या म्हणाल्या, जमिनीवर मऊ अंथरूण करा, उंचावर नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, अंगाला लावू नका, नको वाटलं तर तिला सरकता आलं पाहिजे. पाणी जवळ ठेवा. ट्रेची एक कड कापून टाका, पाय उचलावा लागू नये. चोळू नका. जबरदस्तीने भरवू नका. उचलायची वेळ आली तर छातीखाली आणि मागून, दोन्ही हातांनी. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली किंवा पाय ओढायला लागली तर संध्याकाळची वाट न बघता निघा. आणि हो, दुखणं कमी करायला या क्षणी तुमच्याकडे जे आहे ते एवढंच आहे. ऊब आणि शांतता.

ऊब आणि शांतता. माझ्या नवऱ्याने हात पुढे केला असता आणि मी त्यावर ऊब आणि शांतता ठेवली असती तर तो काय म्हणाला असता? काही नाही. तो काही म्हणायचाच नाही. मी पिशवी भरली, हाताच्या मागच्या बाजूला लावून बघितली, टॉवेलात गुंडाळली. माझी जुनी शाल अंथरली, तिला माझ्या डोक्याच्या तेलाचा वास येतो म्हणून लेक ती धुवायला मागते आणि मी देत नाही. मुकादमीण टेबलाखाली नव्हती. मी फोनवर असताना ती तिथून उठून ओट्याच्या कोपऱ्यात गेली होती. मला वाटलं, बरं आहे, चालतेय. शाल तिच्यापाशी नेऊन ठेवली. ती बघत राहिली, मग एकेक पंजा ठेवत शालीवर आली, पिशवीपासून वीतभर लांब बसली, आणि जरा वेळाने, मी बघत नाही असं बघून, बोटभर जवळ सरकली.

ट्रेची कड कापली, पाणी ठेवलं, आणि मग बशी आवरायला गेले. मोडलेली गोळी टाकून द्यायची तर मला एक खोड आहे, पट्ट्यावरची. टाकण्याआधी तुकडे जुळवून बघायचे, चंद्र पुरा होतो का. अर्धी ठेवली, तिला पाव लावला, पावाला त्याची अर्धी. शेवटच्या कणाची जागा रिकामी. मी बशी उचलून बघितली. स्टूल पुसून बघितलं. फरशीवर हात फिरवला. टेबलाखालून ओट्याच्या कोपऱ्याकडे जाताना वाटेत लागतं ते हे स्टूल, मांजराच्या नाकाच्या उंचीचं. कण नव्हता. इथे मला जे झालं त्याला भीती म्हणतात की नाही ठाऊक नाही. कानात पट्टा चालू झाला, एवढंच. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि मधेच एक रिकामी जागा सरकत जाते, हात पोचेपर्यंत पुढे निघून जाते. माझं तोंड कडू पडलं होतं. पण माझं तोंड कारखाना सोडल्यापासून कडूच असतं, त्याची साक्ष काय काढायची. मुकादमीण शालीवर बसून माझ्याकडे बघत होती. खाल्ला असता तरी तिने असंच बघितलं असतं.

लेकीला पुन्हा फोन केला. "त्या म्हणतात कणही द्यायचा नाही. मी दिला नाही. पण एक कण नाहीसा झालाय. तिने खाल्ला की नाही मला माहीत नाही."

"माहीत नाही?" ती म्हणाली. हा शब्द माझ्या तोंडून तिने प्रथमच ऐकला असावा. "निघाले मी. हिरड्या बघ कुठल्या रंगाच्या आहेत."

हिरड्या गुलाबी होत्या. दवाखान्यात पुन्हा फोन केला, आत्ताच घेऊन या म्हणाले. लेक आली, मांजराला न्यायच्या पेटीचं वरचं झाकण काढून तिने तिला शालीसकट आत ठेवली, वर टॉवेल टाकला. बशी तुकड्यांसह डब्यात घालून बरोबर घेतली, पुरावा म्हणून. गाडीत पेटी माझ्या मांडीवर. गुडघे बोलत होते, मी त्यांना उत्तर देत नव्हते. टॉवेलाखालून काही आवाज नाही. लेक समोर बघत गाडी चालवत होती आणि विचारत होती. बशी कुठे होती. फोन कुठून केलास. पाठ कुणीकडे होती. मोडल्यावर हात धुतलेस का. मी सांगत होते. डाव्या बाजूला. ओट्यापाशी. खिडकीकडे. नाही. एक शब्द जास्त नाही. मधे सिग्नल लागला तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, दावा बारीक अक्षरात लिहिलेला असला की बघत असेल तसं.

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या, छाती ऐकली, रक्त काढलं. मुकादमीण टेबलावर चपटी होऊन बसली होती. "आत्ता तरी काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण कण पोटात गेला असेल तर लक्षणं उशिरा दिसतात. मग मला त्यावरचा उपचार आधी सुरू करावा लागेल, रात्रभर ठेवून घ्यावं लागेल, आणि दुखण्याचं इंजेक्शन लांबवावं लागेल. नसेल गेला तर ते आत्ताच देता येईल. आजी, तिने नाही खाल्ला हे शपथेवर सांगाल?"

"माझ्या शपथेवर जाऊ नका," मी म्हटलं. "ती फार स्वस्त आहे. विचारा हिला."

 लेकीने पर्समधून डबा काढला, बशीतली अर्धी गोळी उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. "मोड."

"आता?"

"दुपारी मोडलीस तशी मोड. आणि बाबांच्या लिफ्टचं सांग यांना."

"आत्ता लिफ्टचं?"

"सांग म्हणते ना. यांनी ऐकलं नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलेलं नव्हतं, हे खरंच होतं, आणि ज्याने ऐकलेलं नाही असा माणूस समोर आला की माझा नाइलाज होतो. मी सांगायला लागले. शेवटचा मजला, लिफ्ट थांबेना, आतल्या बाईच्या हातात अंड्यांची टोपली. टोपली त्याच दिवशी आली गोष्टीत. नख आपलं काम करत होतं. अर्ध्यातली अर्धी. गच्ची ओलांडली, हातभर वर, बाईने दार उघडलं, समोर आभाळ, कबुतरं अंड्यांकडे बघतायत की ही आमची की तुमची. त्यातली अर्धी. आणि लेकीने माझं मनगट धरलं. घट्ट. मी बघितलं तर माझा अंगठा माझ्याच ओठाशी होता, नखाच्या टोकाला पांढरा कण, जीभ अर्धी बाहेर.

 टेबलावरून मुकादमीण माझ्या हाताकडे बघत होती.

"हात तोंडात," लेक म्हणाली. मनगट तिने सोडलं नव्हतं. "लहानपणापासून बघतेय. मोडते आणि चाटते. हिला माहीतही नसतं."

"म्हणजे तो कण आजींनी खाल्ला."

"हो."

"खरं धरू?"

लेकीने श्वास घेतला. तिच्या टेबलावरून वर्षाला किती माणसांचे पाय मोडतात आणि किती जणांची घरं जळतात कुणास ठाऊक, आणि हा शब्द ती किती मोजून देत असेल. "धरा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तरीही रक्ताचा निकाल येईतो थांबवलं, आणि बरोबरच केलं. रक्त चांगलं होतं. मग त्यांनी इंजेक्शन दिलं, मांजरांसाठीच बनवलेलं, तोलून मापून. हाडांचा फोटो काढला, त्यात मागचे दोन्ही खुबे झिजलेले दिसत होते, जुन्या लिफ्टच्या कप्पीसारखे. हे काही एका दिवसाचं नाही म्हणाल्या, बरेच दिवस ती लपवत असणार, मांजरं लपवतातच. बाहेरच्या बाकावर आम्ही पेटी मधे ठेवून बसलो. हळूहळू मुकादमिणीचे पाय पोटाखालून सुटले, अंग शालीवर टेकलं, आणि मग तिने, दुपारपासून पहिल्यांदा, पूर्ण डोळे मिटले. आम्ही दोघी ते बघत होतो. दुखणं जाताना आवाज येत नाही. येताना तरी कुठे आला होता.

"तू घेतेस ती गोळी," लेक पेटीकडे बघतच म्हणाली, "डब्यात अर्धीच का शिल्लक असते नेहमी?"

"बाईला अर्धी."

"डॉक्टरांनी किती सांगितलीये?"

"एक."

"म्हणजे दीड वर्ष तू मला सांगतेयस की गुडघे जळतात, सुऱ्या खुपसतात, आतून कुणी करवत चालवतं, आणि मी..." ती थांबली.

"करवत मी घातली होती," मी म्हटलं. "सुऱ्या खऱ्या होत्या."

ती हसली नाही. घरी गेल्यावर पाण्याचा पेला आणि अख्खी गोळी घेऊन समोर उभी राहिली, मी गिळेपर्यंत हलली नाही. अख्खी गोळी घशातून जाताना कशी लागते ते मला त्या दिवशी कळलं. गुळगुळीत. कडू लागतच नाही. कडू जे काही असतं ते मोडलेल्या कडेला असतं.

आता मुकादमिणीला रोज औषधाचे थेंब देतात, लेकच देते, माझ्या हातात बाटली द्यायची नाही असं ठरलंय आणि मला ते मान्य आहे. पाठ पुन्हा चकचकीत झाली आहे. आणि परवा दुपारी ती खिडकीखाली आली, मान वर केली, मागचं अंग हलवलं, आणि एका उडीत वर गेली, अशी की पडदा हलला. वर जाऊन बसली, पाठ ताठ, आणि रस्त्यावर नजर ठेवली.

लेक हे वाचून बघते आहे. खांद्यावरून वाकून. काही बोलत नाही, नुसती गप्प राहिली आहे, तिच्या त्या कचेरीतल्या पद्धतीने.

बरं बाई. उडी मारली नाही तिने. ती खिडकीखाली येते, मान वर करते आणि थांबते. मग मी टेबलाचा कोपरा धरून टप्प्याटप्प्याने खाली जाते, एक हात छातीखाली, एक मागून, आणि आम्ही दोघी वर येतो. ती खिडकीत बसते आणि आपण स्वतःच चढल्यासारखा चेहरा करते. मी कुणाला सांगत नाही. पडदा मात्र हलतो. ते खरं आहे.